बिल एक, बिऱ्हाडं तीन

घरातली वीज : वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

पावसाची झड लागली की घरोघरी पाणी तापवायला लागतात, पाणी तापलं की बिलं तापतात आणि मग माझ्याकडे पत्रं येतात. या खेपेची बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत : मीटर एक, वापरणारे अनेक, आणि कुणी किती जाळलं याचा हिशेब लागत नाही. मी आयटीआयमध्ये वायरमनची पोरं शिकवली, त्यामुळे भांडण मिटवण्यापेक्षा वायर कुठून कुठे गेली हे बघायची सवय जास्त. उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत.

आमचं बेळगावात, शहापुरात जुनं दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं. वर दोन बिऱ्हाडं : एकात नवरा-बायको आणि लहान मूल, दुसऱ्यात इंजिनिअरिंगची तीन पोरं. मीटर मिस्टरांच्या नावावर, एकच. वापर दोनशे युनिटांच्या आत असायचा, कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे बिल भरावं लागायचं नाही, म्हणून कधी वाद नव्हता. यंदा पोरांनी पाणी तापवायचा रॉड आणला, युनिटं २४० झाली आणि सगळं बिल अंगावर आलं. वरची वहिनी म्हणते, पोरांनी वापरलं तर आम्ही का भरायचं? भाच्यानं पुण्याहून चार स्मार्ट प्लग पाठवलेत. ते लावले की कुणाचं किती ते मोबाईलवर दिसेल म्हणतो. कोल्हापूरची नणंद म्हणते, एकत्र मीटरमुळे स्लॅब वाढला असेल. काय करू?
— एक घरमालकीण, शहापूर

काकू, आधी नणंदेचं घेतो, ते चटकन निकालात निघतं. कोल्हापूरला महावितरण. तिथे घरगुती विजेला टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून चढा, पुढे आणखी चढा. तीन बिऱ्हाडं एका मीटरवर आली की वरच्या टप्प्यात जाणारच. आपल्याकडे हेस्कॉम, कर्नाटकची वीज कंपनी. कर्नाटकात २०२४ च्या एप्रिलपासून घरगुती विजेचे टप्पे काढून टाकलेत. पहिलं युनिट असो की तीनशेवं, दर तोच. यूट्यूबवर मराठीत वीजबिलाचे जे व्हिडिओ आहेत ते बहुतेक महावितरणचे. शिनोळीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीच्या, पुढे ते खरे, अलीकडे नाहीत.

तुम्हाला फटका बसला तो गृहज्योतीच्या हिशेबाचा. ही योजना २०२३ च्या ऑगस्टच्या बिलापासून लागू झाली. तुमच्या जोडणीचा २०२२-२३ सालातला महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढी युनिटं फुकट. त्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरच्या तेवढ्याच युनिटांचे पैसे. २०० ओलांडलं की पहिल्या युनिटापासून सगळं बिल, स्थिर आकारासकट. पोरांची एक बादली, म्हणजे अठरा लिटर पाणी, गार नळाचं ते अंगावर घेण्याजोगं करायला साधारण अर्धं युनिट लागतं. दीड हजार वॅटचा रॉड ते वीस-बावीस मिनिटांत करतो. तीन पोरं, तीन बादल्या, रोजचं दीड युनिट, महिन्याला ४५. तुमचं शून्य बिल कुठे गेलं ते सापडलं बघा. पोरं लबाड नाहीत, आंघोळ करतात एवढंच.

आता प्लग. भाच्याला परत पाठवू नका, कामाला येतील, पण त्यांच्यावर बिल वाटायला जाऊ नका. स्मार्ट प्लग फक्त त्याच्यात खुपसलेलं यंत्र मोजतो. पंखा, ट्यूब, बाथरूमचा दिवा, भिंतीतून गेलेलं काहीच त्याला दिसत नाही. शिवाय रॉड प्लगमधून काढून शेजारच्या पॉइंटला लावला की मोजणी खलास. आणि प्लग किती अँपिअरचा ते अंगावर छापलेलं वाचा. १० अँपिअरचा असेल तर त्याची मर्यादा २३०० वॅट. रॉड चालेल, पण तीन किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर ओढतो, तो लावलात तर प्लग वितळेल. १६ अँपिअरचे वेगळे मिळतात.

अख्खं बिऱ्हाड मोजायचं तर मोजणारं यंत्र त्या बिऱ्हाडाच्या मेनवर बसवायला हवं. दोन प्रकार आहेत. एक साधा सबमीटर : गणेशपूर गल्ली म्हणा, खडेबाजार म्हणा, कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो, आयएसआय खूण बघून घ्या. दुसरा वायफायवाला : एमसीबीच्या पेटीतच पट्टीवर बसतो किंवा वायरभोवती चिमट्यासारखा क्लॅम्प लागतो, आणि आकडे मोबाईलवर येतात. क्लॅम्पवाला घेतलात तर वायरमनवर नजर ठेवा. क्लॅम्प फक्त फेजच्या एकाच वायरभोवती बसायला पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात घातल्या की जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकाला खोडतात आणि यंत्र शून्य दाखवतं. वर्गात मी हे मुद्दाम करून दाखवायचो. चालू इस्त्री, क्लॅम्पवर शून्य, आणि पोरं डोळे विस्फारून बघायची.

यंत्र विकत घेण्याआधी मात्र एक काम करा, त्याला पैसा लागत नाही. रविवारी दुपारी तिन्ही बिऱ्हाडांना सांगून ठेवा. वहिनीच्या खोल्यांचा मेन पाडा आणि घरभर फिरा. तिच्याकडचं सगळं बंद पडलं पाहिजे आणि दुसऱ्या कुणाचं काही बंद पडता कामा नये. मग पोरांचा पाडा, मग तुमचा. जुन्या घरात हमखास काहीतरी निघतं. वरच्या बाथरूमचा दिवा खालच्या बोर्डवरून गेलेला, जिन्याचा दिवा वहिनीच्या मेनवर, पाण्याची मोटर तर कुणाच्या नावावर आहे हे कुणालाच माहीत नाही. एकदा शहापुरातच एका घरात भाडेकरूचा फ्रिज मालकाच्या देवघरातल्या पॉइंटवरून चालत होता, दोघांनाही पत्ता नाही, आणि दोघांचं बोलणं बंद. न्यूट्रलचंही तसंच. जुन्या वायरमननी वायर वाचवायला दोन मजल्यांना एकच न्यूट्रल फिरवलेली असते. आजकालचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा प्रवाह बघतात आणि जास्त असेल तो धरतात. न्यूट्रल उसनी असली की वहिनीच्या सबमीटरवर पोरांची वीज चढू शकते. मीटरवर ‘अर्थ’ असा बारीक लाल दिवा असतो. तो पेटलेला दिसला तर आधी वायरिंग सुधारा, मग मीटर घ्या. नाहीतर चुकीचा हिशेब तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक मिळेल.

सबमीटर तीन घ्या, दोन नाही. बहुतेक मालक भाडेकरूंना मीटर लावतात आणि उरलेलं ते आपलं म्हणतात, किंवा उलट, उरलेलं सगळं भाडेकरूंत वाटतात. तुमच्या खालच्या मजल्यालाही एक लावा. समजा हेस्कॉमच्या मीटरवर २४० आले. वहिनी ६२, पोरं ९८, तुम्ही ५८. बेरीज २१८. राहिलेली २२ म्हणजे मोटर, जिना, आणि थोडी मीटरांची आपापली चूक. चांगला घरगुती मीटरही एखादा टक्का इकडे-तिकडे दाखवतो, त्याच्यावरून भांडू नका. ही २२ माणशी वाटा, कारण पाणी माणसं वापरतात. स्थिर आकार बिऱ्हाडागणिक सारखा. विजेचा आकार ज्याचा-त्याचा, आणि टप्पे नसल्यामुळे साधा गुणाकार पुरतो. हे वाटप यंत्र लावायच्या आधी एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. यंत्र युनिटं सांगेल, मोटरचं कुणी भरायचं हे नाही सांगणार.

मग स्मार्ट कशाला, साधा का नको? तुमच्यासारख्या घरात स्मार्टचा खरा फायदा महिन्याअखेरीला नाही, वीस तारखेला आहे. वीस तारखेला मेन मीटरवर दीडशे झालेली दिसली तर रॉड जरा आवरता येतो, दोनशेच्या आत राहता येतं. अॅपमध्ये ठरावीक आकड्याला इशारा लावता येतो. पण वहीत रोज सकाळी रीडिंग लिहिणारं माणूस घरात असेल, तर तेच काम वही करते. वायफायवालं घेतलंतच तर दोन गोष्टी दुकानातच विचारा. स्वतःच्या तोंडावर आकडा दिसतो का, आणि लाईट जाऊन आल्यावर एकूण युनिटं लक्षात राहतात का? खानापूरकडे वारं सुटलं की आपल्याकडे लाईट जाते, लाईट गेली की राउटर झोपतो, आणि काही स्वस्त यंत्रं सगळा हिशेब अॅपवरच ठेवतात. तेवढे तास गळतात. शिवाय ही यंत्रं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात आणि तुमच्या घराच्या दगडी भिंती जाड. राउटर जिन्यात ठेवावा लागेल.

आणि आता जे मनातलं ते सांगतो. सबमीटर ही मलमपट्टी आहे. गृहज्योती जोडणीमागे एक. तीन बिऱ्हाडांना तीन जोडण्या असत्या तर भाडेकरूंनाही आपापला आधार त्या-त्या आरआर नंबरला (बिलावरचा जोडणीचा क्रमांक) जोडून वेगळी सवलत घेता आली असती. नव्या जोडणीला जुना वापर नसतो, तेव्हा सुरुवातीला महिन्याला ५८ युनिटं धरतात. वहिनीचं ६२ म्हणजे तिला जेमतेम चार युनिटांचे पैसे. पोरांचे चाळीसेक युनिटांचे. तुमचं वेगळंच. परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग वेगळं करून घ्यावं लागेल, अनामत भरावी लागेल, घराची कागदपत्रं लागतील, एकरकमी खर्च आहे. पण दरमहा सगळं बिल भरण्याशी तुलना करून बघा. पोरं सोडून गेली की त्यांचा आधार त्या आरआर नंबरवरून काढायला सांगायला विसरू नका, नाहीतर पुढचा भाडेकरू अडकतो.

मी उद्यमबागेजवळ पीजीत राहतो. खोलीला सबमीटर आहे, मालक युनिटला १२ रुपये घेतात. मीटर पळतो असा मला संशय आहे. मीटर न उघडता तपासता येईल का? आणि बारा रुपये बरोबर आहेत का?
— एक विद्यार्थी

मीटर उघडायचा नाही हे विचारलंस ते बरं केलंस. सील तोडलंस तर खोटा तू ठरशील.

तपासणं सोपं आहे बाळा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. म्हणजे इतक्या लुकलुकींना एक युनिट. खोलीतलं सगळं बंद कर, मोबाईलचा चार्जरसुद्धा काढ. दिवा थांबला पाहिजे. पाच मिनिटं थांबून एकदाही लुकलुकला नाही तर तुझ्यावर दुसऱ्या कुणाची वायर चढलेली नाही. लुकलुकत राहिला तर ती कुणाची ते शोधायचं.

आता ज्याचे वॅट माहीत आहेत असं एकच यंत्र लाव, पाणी तापवायची किटली उत्तम. दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोज, दहानं भाग. ३२०० चा मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. १६०० चा असेल तर २२५० ला. किटलीवर १५०० लिहिलंय आणि ३२०० च्या मीटरवर दहा लुकलुकी साडेसात सेकंदांत झाल्या, तर मीटर चोख. सहा सेकंदांत झाल्या तर १८७५ वॅट होतात, मालकाला दाखव. किटलीवरचा आकडा २३० व्होल्टचा असतो, रात्री व्होल्टेज चढलेलं असलं तर पाच-सात टक्के फरक पडेल, तो सोड. टेस्टर, क्लॅम्प, अॅप काही लागत नाही.

बारा रुपयांबद्दल. मालकाचं बिल मागून घे. एकूण रक्कम भागिले एकूण युनिटं, असा जो आकडा येईल त्यात स्थिर आकार आणि कर धरलेले असतात, त्यामुळे तो नुसत्या युनिटच्या दरापेक्षा थोडा जास्तच येणार आणि तेवढा मागणं रास्त आहे. जोडणी घरगुती की व्यापारी हेही बिलावर असतं, दर त्यावर बदलतो. बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे आकडेच असतात : मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, वजाबाकी. भागाकार करून आठ रुपये येत असतील आणि मालक बारा घेत असेल, तर वरचे चार त्याचा धंदा झाला. विजेचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२ तेच सांगतं. पण पहिल्याच दिवशी कलम तोंडावर फेकू नकोस. चार खोल्यांतली पोरं मिळून भागाकाराचा कागद घेऊन जा.

टिळकवाडीत आमची अपार्टमेंट आहे. फ्लॅटचे मीटर वेगळे आहेत, पण जिना, लिफ्ट, मोटर यांच्या कॉमन मीटरचं बिल दोन महिन्यांत जवळजवळ दीडपट झालं. कमिटीत एक जण म्हणतो, लिफ्टला स्मार्ट मीटर लावू. खर्च कशावर करावा?
— सेक्रेटरी

लिफ्टवर नको, मोटरवर. लिफ्टवर संशय घेणारे सहसा तळमजल्यावर राहतात. चार मजल्यांची लिफ्ट दिवसभरात चालते किती वेळ, ते जिन्यात तासभर बसून बघा.

दोन हॉर्सपॉवरची मोटर दोन किलोवॅटच्या आसपास ओढते. रोज तासभर जास्त चालली तर महिन्याला साठेक युनिटं. जास्त का चालते याची कारणं ठरलेली : वरच्या टाकीचा फ्लोट अडकलाय आणि पाणी गच्चीवरून वाहतंय, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) गळतोय म्हणून मोटर हवा ओढतेय, किंवा वॉचमन बटण दाबून चहाला जातो. मोटरच्या वायरवर वायफायचा क्लॅम्प लावा. थ्री फेज मोटर असेल तर तीन क्लॅम्पवाला लागेल. आठ दिवसांचा आलेख बघा. पूर्वी टाकी चाळीस मिनिटांत भरायची आणि आता सत्तर लागत असतील तर दोष व्हॉल्व्हात किंवा पंपात आहे. मोटर रात्री दोन वाजता चालू दिसली तर फ्लोट. वेळ बरोबर आणि तरी बिल जास्त, तर जिन्यातले दिवे दिवसाही चालू आहेत का ते आधी बघा, मग कॉमन मीटरवरून कुणाच्या गॅरेजमध्ये वायर गेलीय का ते. स्कूटर इलेक्ट्रिक झाल्यापासून हे वाढलंय.

आम्ही निपाणीत भाड्यानं राहतो. मालकांनी आमच्या मेनवर वायफायचा मीटर बसवला, त्याचं अॅप त्यांच्याच मोबाईलवर. परवा जिन्यात म्हणाले, ‘काल दुपारी दोनला गीझर लावला होता काय हो?’ मला ते फार खटकलं. बोलावं तर मीटरमध्ये काहीतरी लपवतोय असं वाटेल.
— एक गृहिणी

ताई, खटकायलाच हवं. अशा अॅपमध्ये मिनिटा-मिनिटाचा आलेख असतो. माणूस कधी उठतं, कधी कामाला जातं, दिवाळीत किती दिवस घर बंद होतं, सगळं त्यात वाचता येतं. मालकाला हक्क आहे तो महिन्याच्या युनिटांचा. दुपारच्या दोनचा नाही.

भांडू नका, पर्याय द्या. म्हणा, अण्णा, खातं माझ्या मोबाईलवरून उघडूया, मीटर तुमचाच राहू दे, एक तारखेला मी तुम्हाला रीडिंगचा फोटो पाठवते, तुम्ही पाहिजे तेव्हा येऊन मीटरच्या तोंडावरचा आकडा पडताळा. बऱ्याच अॅपमध्ये दुसऱ्याला वाटून देताना फक्त बघण्याची परवानगी देता येते, पण ती दिली की आलेखही दिसतो, म्हणून खातं कुणाच्या हातात हे महत्त्वाचं. आणखी एक विचारून घ्या : त्या यंत्रात अॅपवरून लाईट बंद करायची सोय आहे का? असली तर ती मालकाकडे राहता कामा नये. भाडं दोन दिवस लांबलं की अंधार, असं एका घरात झालेलं मी पाहिलंय. नुसता मोजणारा मीटर मिळतो, तोडणारा लागत नाही.

वडगावात आम्ही दोघे भाऊ एकाच शेडमध्ये माग चालवतो. जोडणी एक. चिनी क्लॅम्पवर मोजलं तर दोघांची बेरीज बिलापेक्षा बरीच जास्त येते. क्लॅम्प बिघडलाय का?
— एक मागवाले

बिघडलेला नाही, अर्धवट आहे. तो फक्त प्रवाह मोजतो आणि स्वतःच २३० नं गुणतो. मागाची मोटर हलक्या भारावर चालते तेव्हा पॉवर फॅक्टर, म्हणजे प्रवाहातला खरं काम करणारा वाटा, पडतो. ०.७ असेल तर असा क्लॅम्प खऱ्या विजेच्या जवळपास दीडपट दाखवणार. व्होल्टेजच्याही दोन वायरी जोडाव्या लागतात आणि जो पॉवर फॅक्टर दाखवतो, तसलाच मीटर घ्या, दोघांना एक-एक, एकाच कंपनीचे. आणि मागाच्या जोडणीवरून घरात पंखा किंवा फ्रिज ओढला असेल तर मीटर बसवायच्या आधी ती वायर काढा. मागाचा दर वेगळा आहे. तपासणीला आलेल्यांनी पाहिलं तर वीज कायद्याचं कलम १२६, म्हणजे विजेचा अनधिकृत वापर, लावतील, आणि त्यातला दंड दोघा भावांत कसा वाटायचा याचं उत्तर कुठल्याच मीटरकडे नाही.